चारशे वीस डॉलरचा आवाज

आमच्या काकांचा हॉलिवूडबद्दल एक ठाम सिद्धान्त होता. ‘तिकडे सगळं अस्सल. नाचायचं तर नटाने स्वतः नाचायचं, गायचं तर स्वतः गायचं. आपल्याकडे काय, झाडाला टेकून तोंड हलवायचं आणि गळा लताबाईंचा!’ हे ते बोलायचे तेही लताबाईंचं गाणं चालू असताना, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून. त्यामुळे त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, याचा पत्ता लागत नसे. पण ‘तिकडच्या’ लोकांचा दरारा मात्र माझ्या मनात पक्का बसला.

पुढे ते ‘तिकडचे’ सिनेमे बघायला मिळाले. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबरा कार सयामच्या राजवाड्यात घोळदार झगा सावरत गाते. तिचा आवाज शिक्षिकेला शोभेल असा, नीटनेटका, इंग्रजी शिस्तीचा. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वुड न्यूयॉर्कच्या एका कळकट इमारतीच्या लोखंडी जिन्यावर उभी राहून गाते. हा आवाज कोवळा, अधीर, प्वेर्तो रिकोच्या मुलीचा हेल असलेला. ‘माय फेअर लेडी’तली ऑड्री हेपबर्न आधी लंडनच्या भाजीबाजाराबाहेर फुलं विकणारी आणि नंतर मेजवान्या गाजवणारी, आणि गाणंही तिच्याबरोबर गल्लीतून दिवाणखान्यात जातं. तीन बाया, तीन स्वभाव, तीन आवाज.

गळा मात्र एकच. मार्नी निक्सन नावाच्या बाईचा. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं.

मार्नीचा जन्म २२ फेब्रुवारी १९३०चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडीना गावचा. लताबाई २८ सप्टेंबर १९२९च्या. म्हणजे इंदूरला एक गळा जन्माला आला आणि पाच महिन्यांच्या आत जगाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा. दोघींनीही पडद्यावरच्या दुसऱ्या बायांसाठी गाऊन नाव कमावलं म्हणावं, तर मार्नीच्या बाबतीत ‘नाव’ हाच नेमका वांध्याचा मुद्दा. हा योगायोग लक्षात आल्यापासून मला मार्नीचं आयुष्य एकटं वाचताच येत नाही. सारखी मनात तुलना चालू राहते.

लहानपणी ती व्हायोलिन शिकली. चित्रपटनगरी जवळच असल्यामुळे बालवयातच कॅमेऱ्यासमोर किरकोळ कामंही केली. पण तिचा खरा ऐवज म्हणजे कान. कुठलाही सूर आधाराशिवाय नेमका ओळखायचा आणि समोर ठेवलेली स्वरलिपी पहिल्या नजरेत गाऊन दाखवायची, ही तिची ताकद. गाण्याच्या शिकवणीचा खर्च भागवायला तिने किशोरवयात एमजीएम स्टुडिओत निरोप्याची नोकरी धरली. कागद आणि पाकिटं घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळायचं. ही पोरगी गाते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. १९४८च्या ‘बिग सिटी’त आणि १९४९च्या ‘द सीक्रेट गार्डन’मध्ये मार्गारेट ओब्रायन या बालनटीला गाणारा गळा हवा होता. निरोप्या पोरीला बोलावलं, गाऊन घेतलं, काम झालं. मग हळूहळू सवयच पडली. स्टुडिओत कुठे सूर कमी पडला की मार्नीला निरोप जायचा.

अशी बारीकसारीक कामं तिने किती केली, ते वाचताना हसू येतं. ‘जोन ऑफ आर्क’मध्ये इन्ग्रिड बर्गमनला ऐकू येणारे देवदूतांचे आवाज. डिस्नेच्या ‘अ‍ॅलिस’मधली गाणारी फुलं. ‘मेरी पॉपिन्स’मधले हंस. ‘जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’मध्ये मेरिलिन मन्रोच्या हिऱ्यांच्या गाण्यात एका ओळीतले वरचे सूर. मन्रोने बाकीचं जवळजवळ सगळं गाणं स्वतः म्हटलंय आणि फक्कड म्हटलंय. गळा चढत नव्हता तेवढ्याच जागी मार्नीचं ठिगळ आहे, आणि ते सांगितल्याशिवाय दिसत नाही.

त्याच काळात तिचं दुसरंही एक गाणं चालू होतं, ज्याची चित्रपटवाल्यांना फारशी फिकीर नव्हती. रॉबर्ट क्राफ्ट या वाद्यवृंद-संचालकाने १९५०च्या दशकात आन्टोन वेबर्न या ऑस्ट्रियन संगीतकाराचं समग्र संगीत ध्वनिमुद्रित केलं, त्यात मार्नी गायली आहे. वेबर्न म्हणजे गायकाची फरफट. एक सूर इथे, पुढचा दीड सप्तक वर, मधे आधाराला काही नाही. ज्याला चाल म्हणून गुणगुणता येईल असं काही हाताला लागतच नाही. मी ते रेकॉर्डिंग एकदा नेटाने पूर्ण ऐकलं. आवडलं असं म्हणवत नाही, पण गाणारीच्या नेमकेपणाने मी थक्क झाले. हवेत उडी मारून अंधारात ठरल्या जागी पाय टेकवावा तसं ती गाते. अशा गळ्याला नटीच्या ओठांच्या हालचालीबरहुकूम गायला सांगणं म्हणजे तिच्यासाठी आणखी एक अवघड स्वरलिपी, इतकंच.

१९५६. ‘द किंग अँड आय’साठी आधी ठरलेली गायिका अपघातात गेली आणि काम मार्नीकडे आलं. डेबरा कारला गाता येत नव्हतं असं नाही. तिचा आवाज सुरेल होता, पण उंच, लांब पल्ल्याच्या जागा तिच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. सहसा असा पर्यायी आवाज गुपचूप बोलावून, गाववून, मागच्या दाराने घरी पाठवायचा रिवाज होता. कारने तसं केलं नाही. तालमींना दोघी एकत्र. मार्नी कारच्या शेजारी उभी राहून तिचं चालणं, हात फिरवणं, श्वास घेणं, शब्दांवर जोर देणं बघायची. आणि कार बघायची मार्नीला, उंच सूर लावताना जबडा कसा पडतो, मान कशी ताठते ते. कॅमेऱ्यासमोर तिला तेच करून दाखवायचं होतं. एकीने दुसरीचा आवाज उचलला आणि दुसरीने पहिलीचे स्नायू.

या चित्रपटासाठी केलेलं एक गाणं आहे, राजावर चिडलेली शिक्षिका खोलीत एकटीच येरझाऱ्या घालत मनातली भडास काढते, ते. अर्धं बोलणं, अर्धं गाणं. ध्वनिमुद्रणाला दोघी माइकसमोर बाजूबाजूला उभ्या राहिल्या. बोलण्याकडे झुकणाऱ्या ओळी कारच्या, सुरात चढणाऱ्या मार्नीच्या. एकाच वाक्यात गळा बदलतो आणि राग तुटत नाही. हे गाणं शेवटी चित्रपटातून कापलं गेलं. पण ध्वनिमुद्रिकेवर ते आहे. हेडफोन लावून, आवाज वाढवून मी त्यातले सांधे शोधायला बसले. काही ठिकाणी वाटतं, इथे गळा बदलला; मग पुन्हा ऐकलं की वाटतं, छे, ही कारच. दोन सुगरणींनी मिळून घातलेल्या पुरणात साखर कुणी घातली आणि वेलची कुणी, हे चाखून सांगता येत नाही, तसं.

या कामाचे मार्नीला मिळाले ४२० डॉलर. तिनेच सांगितलेला आकडा आहे हा. ध्वनिमुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या, त्यातून छदाम नाही. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला या आकड्यावर वेगळं भाष्य करून दाखवायची गरज नाही, जुन्या दंड संहितेने ते आधीच करून ठेवलं होतं.

पैशापेक्षा वाईट होती ती धमकी. यातलं एक अक्षर जरी बाहेर फुटलं, तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही असं बघू, असं तिला स्टुडिओकडून बजावण्यात आलं होतं. ही हकीकत तिने म्हातारपणी मुलाखतींतून सांगितली. आणि गंमत अशी की गुपित फोडलं ते खुद्द डेबरा कारने. एका मुलाखतीत तिने मोकळेपणाने सांगून टाकलं की वरचे सूर मार्नी निक्सनचे आहेत. कारला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. तिला गप्प बसणं सहज शक्य होतं, सोयीचंही होतं. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅन अफेअर टु रिमेंबर’मध्ये कारने पुन्हा गायिकेचं काम केलं आणि पुन्हा मार्नीच गायली. मला या दोघींबद्दल जे काही वाचायला मिळालं, त्यात मत्सराचा वासही नाही.

पण स्टुडिओला एवढं लपवावं का वाटत होतं? आपल्याला हे कोडं वाटतं, कारण आपण पार्श्वगायनाच्या मांडवाखाली वाढलो. नूतन पडद्यावर आणि लता गळ्यात, यात फसवणूक आहे असं आपल्याला सुचतही नाही. हॉलिवूडचा धंदा मात्र नटावर उभा होता. नट म्हणजे अखंड वस्तू, चेहरा, चाल, आवाज सगळं एकाच मालकीचं. प्रेक्षक त्या अखंडपणाचे पैसे मोजतो, तर त्याला तडा दाखवायचा नाही. गंमत म्हणजे याच लपवाछपवीवर त्यांनी त्यांचा सगळ्यात लाडका सांगीतिक चित्रपट बेतला. १९५२चा ‘सिंगिंग इन द रेन’. त्यात कर्कश आवाजाच्या बड्या नटीसाठी पडद्यामागून एक गुणी मुलगी गाते, शेवटी पडदा ओढला जातो, खरी गाणारी उघड होते, प्रेक्षक टाळ्या पिटतात. न्याय झाला! आता पडद्यामागची गोष्ट ऐका. गुणी मुलीचं काम करणाऱ्या डेबी रेनल्ड्सचं त्यातलं एक महत्त्वाचं गाणं प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेने म्हटलं आहे. आणि ती मुलगी बड्या नटीचे संवाद म्हणून देते त्या प्रसंगात जो छान, घोटीव आवाज येतो, तो कर्कश नटीचं काम करणाऱ्या जीन हेगनचाच, तिचा रोजचा, खरा. चोरी उघडकीला आणणाऱ्या सिनेमात चोरी, आणि तीही उलटसुलट. बेटी नॉइसचं नाव अर्थातच श्रेयनामावलीत नव्हतं. हे कळल्यावर काकांचा सिद्धान्त मला फारच करमणुकीचा वाटू लागला.

आपल्याकडेही हा पडदा आपोआप सरकला नव्हता, हे विसरायला होतं. १९४९च्या ‘महल’च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. हे कोण गातंय, म्हणून आकाशवाणीकडे पत्रांचा पाऊस पडला आणि मग लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. इथे श्रोत्यांनी नाव मागून घेतलं. पुढे बाईंनी स्वतः मागून घेतलं. १९५७ साली ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं, तेव्हा समारंभात गाणं म्हणायला त्यांनी नकार दिला. पारितोषिक चालीला आहे, गाणारीला नाही, तर चाल वाद्यांवर वाजवा, असा रोखठोक मुद्दा. १९५९पासून पार्श्वगायनाला वेगळं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, ‘मधुमती’साठी. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला मानधनावर न थांबता गायकाला रेकॉर्डच्या खपातला वाटा हवा, हा आग्रह. त्यावरून मोहम्मद रफींशी मतभेद झाले आणि काही काळ दोघांचं एकत्र गाणंच थांबलं.

नेमक्या याच सुमाराला, १९६१मध्ये, मार्नी तीच मागणी करत होती.

‘वेस्ट साइड स्टोरी’ची कथा जरा क्रूर आहे. नॅटली वुडला वाटत होतं, आपणच गाणार आहोत. तिने गाणी ध्वनिमुद्रित केली, तीच सेटवर लावून चित्रीकरण झालं, तिने आपल्याच आवाजावर ओठ हलवले. मार्नीला फार तर उंच सुरांपुरतं बोलावलंय, अशी तिची समजूत होऊ दिली गेली. तिचं गाणं झालं की सगळे वाहवा करायचे, आणि मार्नीला माहीत असायचं की यातलं काही पडद्यावर जाणार नाही. नॅटलीला सत्य कळलं ते चित्रीकरण संपल्यावर. तिचा संताप झाला, आणि तो रास्त होता. पडद्यामागचीवर अन्याय झाला हे आपण चटकन म्हणतो, पण इथे पडद्यावरचीलाही फसवलं होतं.

आता तांत्रिक पेच बघा. नेहमीची रीत अशी की आधी गाणं मुद्रित होतं, मग नटी त्यावर ओठ हलवते. आपल्याकडेही तेच. इथे उलटं झालं. चित्र तयार होतं आणि गाणं नंतर भरायचं होतं. नॅटलीने जिथे श्वास घेतला तिथे मार्नीने श्वास घ्यायचा. नॅटली जिथे तालात किंचित मागे राहिली तिथे मागे राहायचं, पण ऐकणाऱ्याला ती बेताल न वाटता भावनेने अडखळली असं वाटलं पाहिजे. उच्चार नॅटलीचे, म्हणजे नॅटलीने घेतलेल्या स्पॅनिश हेलाचे. वय सतरा-अठराचं. गाणारी एकतिशीची, शास्त्रोक्त शिकलेली, मुलांची आई. अंधाऱ्या खोलीत समोर पडदा, कानावर हेडफोन, आणि दुसरीच्या चुकांना आपल्या सुराने अर्थ द्यायचा. मला विचाराल तर मार्नीच्या सगळ्या कामात हे काम सगळ्यात अवघड, वेबर्न धरून.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. त्याच चित्रपटात रीटा मोरेनोच्या एका गाण्याला बेटी वँड या गायिकेचा आवाज आहे. पण पाच जणांनी एकाच वेळी गायचा जो प्रसिद्ध प्रसंग आहे, त्यात रीटाच्या ओळीही मार्नीनेच म्हटल्या. म्हणजे नायिका ती आणि नायिकेची वडीलधारी मैत्रीणही ती. स्वतःच्या आवाजावर स्वतःचाच आवाज रचायचा आणि दोन वेगळ्या बाया उभ्या करायच्या.

ध्वनिमुद्रिका तुफान खपणार हे दिसत होतं. मार्नीने त्यातला वाटा मागितला. निर्मात्यांनी नाही म्हटलं. तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने आपल्या वाट्यातला एक टक्क्याचा चौथा हिस्सा तिच्या नावे करून दिला. पाव टक्का! पण खप एवढा प्रचंड होता की पाव टक्काही पुढे कामाला आला. बर्नस्टाइनबद्दल बरंवाईट पुष्कळ लिहिलं गेलंय, ही नोंद मात्र त्याच्या चांगल्या खात्यात टाकायला हरकत नाही.

‘माय फेअर लेडी’पर्यंत गुपित नावाची गोष्ट उरली नव्हती. वॉर्नर ब्रदर्सने नाटकाचे हक्क ५५ लाख डॉलरला घेतले होते. १९५६पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ती फुलवाली, एलायझा, गाजवणारी होती ज्युली अँड्र्यूज, तिचा गळा बावनकशी. पण तोवर तिचा एकही चित्रपट आला नव्हता आणि जॅक वॉर्नरला तिकीटबारीवर चालणारं नाणं हवं होतं. त्याने ऑड्री हेपबर्नला १० लाख डॉलर देऊन घेतलं. हेपबर्नने मनापासून मेहनत केली, गाण्याची तालीम घेतली, गाणी मुद्रित केली. शेवटी तिला सांगण्यात आलं की बहुतेक सगळं गाणं मार्नीचं वापरलं जाईल. ती सेट सोडून निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि आपल्या वागण्याबद्दल तिने सगळ्यांची क्षमा मागितली.

हेपबर्नने म्हटलेली काही गाणी आता ऐकायला मिळतात. फुलवालीचं ते उबदार खोलीचं, चॉकलेटचं स्वप्नगाणं तिच्या आवाजात ऐकलं तर पातळ आहे, वरच्या सुरात काठावर येऊन थांबतं, पण त्यात गारठलेल्या पोरीचा जीव आहे. मार्नीचं त्याहून कितीतरी सुंदर आहे, आणि तीच त्यातली किंचित अडचण. फुलं विकणाऱ्या मुलीला इतकं सुंदर कुणी शिकवलं? हेपबर्नचाच आवाज ठेवायला हवा होता, असं त्या एका गाण्यापुरतं मला वाटतं.

पण मग ते दुसरं गाणं येतं, फुलवालीला बोलणं शिकवणाऱ्या प्राध्यापक हिगिन्सला मनातल्या मनात शिव्या घालायचं. थांब लेका, बघतेच तुला, या थाटाचं. हे गाणं कान देऊन ऐका. सुरुवातीचा चिडका, घोगरा, गल्लीतला आवाज हेपबर्नचा स्वतःचा आहे, तो ठेवला आहे. मग एलायझा स्वप्न रंगवू लागते, एक दिवस मी मोठी होईन, खुद्द राजा माझ्या शब्दाखातर वाट्टेल ते करेल. तिथे चाल रुंदावते, सूर वर सरकतो आणि गळा बदलतो. ती मार्नी. स्वप्न संपून पुन्हा चिडचिड सुरू झाली की हेपबर्न परत. म्हणजे संताप हेपबर्नचा आणि स्वप्न मार्नीचं. कुणी ठरवून केलं नसणार, गरज म्हणून झालं. पण एलायझाच्या अंगातली फुलवाली आणि तिला व्हायची असलेली बाई यांना दोन वेगळे गळे मिळाले, आणि सिनेमात याहून नेमकं दुसरं काही नाही.

चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. हेपबर्नला साधं नामांकनही नाही. स्वतः न गाता गाणाऱ्या नायिकेचं काम केलं, हा ठपका वर्तमानपत्रांनी आधीच मारून ठेवला होता. त्या वर्षीचं सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर ‘मेरी पॉपिन्स’साठी ज्युली अँड्र्यूज घेऊन गेली. डेबरा कारला नामांकन आणि हेपबर्नला नाही; गाणारी दोन्हीकडे तीच. लपवलं तेव्हा चाललं, कळलं तेव्हा खपलं नाही. १९६४मध्येच मार्नीने न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरच्या रंगमंचावर एलायझा स्वतः केली, तोंडाने आणि गळ्यानेही. ते बघायला अर्थात जगभरचा प्रेक्षक नव्हता.

‘टाइम’ मासिकाने तिला पडद्याआडून गाणाऱ्या ‘भुतां’मधली महाराणी ठरवणारं एक यमकदार बिरुद बहाल केलं होतं आणि तिने ते हसून मिरवलं. यात कडवटपणा किती होता, सांगणं अवघड. आपली गाणी लोक दुसऱ्याची म्हणून ऐकतात, याचा सल तिने नंतर बोलून दाखवला. शेवटी लोकांना ती आठवणार ती याच तीन चित्रपटांमुळे, वेबर्न आणि शॉनबर्ग या संगीतकारांच्या अवघड गाण्यांमुळे नव्हे, हेही तिला कळत होतं. शॉनबर्गच्या गीतांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, पण तो श्रोता मूठभर.

इथे मला परत आपल्या बाईंकडे यावंसं वाटतं, आणि काकांनाही काही सांगावंसं. लताबाई मीनाकुमारीसाठी गाताना वेगळ्या आणि साधनासाठी गाताना वेगळ्या, हे खरंच. पडद्यावर कोण आहे याचा त्या विचार करत. पण दोन सूर ऐकले की आपण म्हणतो, लता. नायिका बदलतात, आवाज ओळखू येतो, आणि हळूहळू नायिकाच त्या आवाजाच्या मापाच्या होत गेल्या. आपल्याकडे एका पिढीतल्या बाईचं पडद्यावरचं लाजणं, रुसणं, झुरणं त्या गळ्याने ठरवलं. मार्नीचं नेमकं उलट. ती नायिकेच्या मापाची झाली. कारसाठी कार, वुडसाठी वुड. तिचा आवाज ‘हा मार्नीचा’ म्हणून ओळखू आला असता, तर तिचं काम फसलं असतं.

म्हणून नाव झाकलं हा अन्याय झाला हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की नाव ठळक असतं तर ही तीन कामं कदाचित तिच्याकडे आलीच नसती. ओळखीचा आवाज दुसऱ्या देहात बसवणं आपल्या प्रेक्षकाला चालतं, त्यांच्या प्रेक्षकाला चाललं नसतं. तिच्या कसबाची आणि प्रसिद्धीची तोंडं विरुद्ध दिशेला होती. यावर मला तोडगा सापडलेला नाही. पैसे आणि श्रेय मात्र द्यायला हवे होते, त्याला कुठलीही सबब नाही. पडद्यावर न दिसणाऱ्या कितीतरी लोकांची नावं शेवटी सरकत जातातच की, त्यात एक ओळ आणखी.

पडद्यावर ती गाताना दिसली १९६५मध्ये, ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक. मठातल्या नन्स मारियाचं काय करायचं यावर गाऊन वाद घालतात, त्यातली सिस्टर सोफिया म्हणजे मार्नी. काळा-पांढरा वेश, त्यातून दिसणारा गोल चेहरा, चार-दोन ओळी. तिच्याच तोंडी तिचा आवाज. पण नायिका होती ज्युली अँड्र्यूज, आणि हेपबर्नच्या एलायझाला गळा देणारी बाई समोर आल्यावर ही कशी वागेल, याची सेटवर सगळ्यांना धास्ती होती. मार्नीने सांगितल्याप्रमाणे ज्युली सरळ चालत आली आणि म्हणाली की मी तुझी चाहती आहे.

पुढचं आयुष्य भरगच्च आहे आणि मी ते भराभर सांगते, कारण त्यात सिनेमा फार नाही. ‘एक्झोडस’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणारा अर्नेस्ट गोल्ड हा तिचा पहिला नवरा, १९६९मध्ये ते वेगळे झाले. त्यांचा मुलगा अँड्र्यू गोल्ड सत्तरच्या दशकात पॉप गायक म्हणून गाजला, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चेहऱ्याने. तो २०११मध्ये, तिच्या आधी गेला. सिअ‍ॅटलमध्ये तिने लहान मुलांसाठी टीव्हीवर ‘बूमरँग’ नावाचा कार्यक्रम केला, त्याला एमी पारितोषिकं मिळाली. गाणं शिकवलं. लिबराची आणि व्हिक्टर बोर्गे या पियानोवादकांबरोबर दौरे केले. दोनदा कर्करोगाशी झुंजली. १९९८च्या ‘मुलान’मध्ये आजीच्या गाण्याला आवाज दिला, बोलणारी आजी दुसरीच होती. २००६मध्ये आत्मचरित्र लिहिलं. २४ जुलै २०१६ला न्यूयॉर्कमध्ये ती गेली, ८६ वर्षांची होऊन.

एक गोष्ट राहिली. २००७मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ‘माय फेअर लेडी’ मैफलीच्या रूपात सादर केलं. एलायझा होती केली ओहारा, ब्रॉडवेची पट्टीची गायिका, आपली सगळी गाणी आपणच गाणारी. त्यात प्राध्यापकाच्या आईचं काम मार्नीने केलं, सत्त्याहत्तराव्या वर्षी. मिसेस हिगिन्स खमकी म्हातारी आहे, पोराला चारचौघांत सुनावते, आणि नाटकातली काही सर्वात खुसखुशीत वाक्यं तिच्या वाट्याला आली आहेत. तिला एकही गाणं नाही.